'डार्क फीनिक्स'चा खंड : शेवट पटतो का, आणि तेरा वर्षांच्या मुलीने सुरुवात इथून करावी का?

जुनीपाने

मंडळी, माळ्यावरची खोकी उतरवताना 'एक्स-मेन'चा 'डार्क फीनिक्स सागा' हा एकत्रित खंड हाती लागला. १९८० सालचे जानेवारी ते ऑक्टोबरचे दहा अंक, १२९ ते १३८, एका पुस्तकात. लेखन ख्रिस क्लेरमाँट, चित्रं जॉन बर्न, शाई टेरी ऑस्टिन. कॉलेजात असताना माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर घेतला होता. सहज उघडला आणि रात्रीचे दोन वाजले.

खाली रहस्यभेद आहे. ज्यांना आधी वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबा.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक्स-मेन म्हणजे जन्मजात अद्भुत शक्ती असलेल्यांचा, प्रोफेसर झेवियरच्या शाळेत राहणारा चमू. जीन ग्रे ही त्यातली मनं वाचणारी मुलगी. एका अवकाशयानाच्या अपघातानंतर तिच्या अंगी अफाट शक्ती आली आहे आणि ती स्वतःला फीनिक्स म्हणवते. हेलफायर क्लब नावाच्या श्रीमंतांच्या टोळीतला जेसन विंगार्ड तिच्या मनात खोट्या आठवणी पेरतो. आपण अठराव्या शतकात आहोत आणि त्याची बायको आहोत असं तिला वाटू लागतं. हा फसवणुकीचा पडदा फाटतो तेव्हा तिच्या आतला बांधच फुटतो. दूरच्या आकाशगंगेत जाऊन ती भूक लागल्यासारखी एक तारा गिळते आणि त्याच्याभोवती फिरणाऱ्या डी'बारी लोकांच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव मरतात. शेवटी चंद्रावर, शी'आर साम्राज्याच्या योद्ध्यांशी लढताना, ती शक्ती पुन्हा उसळते आहे हे कळल्यावर ती स्वतःच स्वतःला संपवते.

माझं मत स्पष्ट सांगते. हा शेवट मला पूर्ण पटतो. त्या क्षणी पूर्ण शुद्धीवर असलेली एकमेव व्यक्ती जीन आहे. प्रोफेसर, तिचा प्रियकर स्कॉट, शी'आरची राणी लिलांड्रा, सगळे तिच्याबद्दल ठरवत असतात. आणि ठरवते ती.

प्रश्न दोन. एक, तुम्हाला पटतो का? दोन, माझ्या बहिणीची मुलगी तेरा वर्षांची आहे, सुट्टीत आली आहे, सिनेमे पाहून तिला एक्स-मेनचं वेड लागलंय. हा खंड तिला थेट द्यावा, की आधीचं काही वाचायला लावावं?

नगरचा_वाचक

वाचनखूण साठवली. रात्री सविस्तर लिहितो, पण दुसऱ्या प्रश्नाला आत्ताच उत्तर : द्या! पुस्तक माळ्यावर ठेवण्यापेक्षा कुणाच्याही हातात बरं.

बोरीबंदर

थेट देऊ नका, ताई. हा खंड गोष्टीच्या मध्यावर सुरू होतो. जीन फीनिक्स होते ती शंभराव्या आणि एकशेएकाव्या अंकात, १९७६ मध्ये. यान न्यूयॉर्कच्या जमैका बे या खाडीत कोसळतं आणि ती पाण्यातून नव्या पोशाखात वर येते. मग १०७ आणि १०८ मध्ये ती अख्खं विश्व वाचवते. त्या मुलीने विश्व वाचवलं होतं हे माहीत असेल, तरच तीच मुलगी तारा गिळते तेव्हा पोटात गोळा येतो. शिवाय विंगार्ड तिच्या मागे लागतो तो १२९ च्या आधीच, स्कॉटलंडच्या भागात. तो सगळा पेरणीचा काळ या खंडात नाहीच. कापणीच आहे नुसती.

माझं ऐकाल तर १९७५ च्या 'जायंट-साइझ' अंकापासून सुरू करा. लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांचा. वादळकन्या स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस हे नवे लोक तिथे पहिल्यांदा येतात. मोठा ऑम्निबस, म्हणजे बऱ्याच अंकांचा जाडजूड खंड, घ्यायचा विचार असेल तर मात्र सावध राहा. पहिला ऑम्निबस अंक १३१ वर संपतो आणि दुसरा १३२ पासून सुरू होतो. म्हणजे ही गोष्ट बरोबर मधोमध चिरली आहे! मी तो विकत घेतला, रात्री १३१ वर पोचलो आणि पुढचा खंड हातात नव्हता. असा राग आयुष्यात क्वचित आला असेल.

कोकणकडा

बोरीबंदर, तुमचा जिव्हाळा समजतो, पण मत पटलं नाही. मी हा खंड काहीही माहीत नसताना वाचला. दापोलीत मामाकडे, पावसाळ्यात, दिवे गेलेले. कोण कोण आहे हे दोन प्रकरणांत कळलं. क्लेरमाँट दर अंकात प्रत्येकाची ओळख पुन्हा करून देतो, कारण तेव्हा महिन्याला एक अंक यायचा आणि नवा वाचक कधीही उडी मारू शकायचा. सलग वाचताना तीच ओळख दहा वेळा येते हे खरं, तेवढं सोसावं.

आणि जुनीपाने ताई, एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलीय का? अंक १२९ मध्ये पहिल्यांदा कोण येतं? किटी प्राइड. वय साडेतेरा! इलिनॉयमधल्या डीअरफील्ड गावातली, डोकं भयंकर दुखतंय, घरात आईबाबांचा घटस्फोट होण्याच्या बेतात. आणि एक दिवस ती भिंतीतून आरपार जाते. तुमच्या भाचीसाठी दार तिथेच उघडं आहे.

जुनीपाने

कोकणकडा, खरंच सुटलं होतं! इतक्या वर्षांत मी हे पुस्तक जीनचं म्हणूनच वाचलं. तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता पुन्हा चाळलं. स्टॉर्म किटीला आइस्क्रीम-सोड्याच्या दुकानात घेऊन जाते आणि दोघींची गट्टी जमते, तेवढ्यात चिलखतवाले गुंड भिंत फोडून आत येतात. आणि १३८ च्या शेवटी, जीनचे अंत्यसंस्कार झाल्यावर, स्कॉट घर सोडून निघालेला असताना किटी शाळेच्या दारात येते. म्हणजे खंडाची पहिली नवी व्यक्ती आणि शेवटची व्यक्ती एकच. अंगावर काटा आला.

शाईचाडाग

मी चित्रकलेच्या बाजूने बोलतो, कारण या खंडावर बोलताना लोक कथेतच अडकतात.

बर्नच्या पेन्सिलीवर ऑस्टिनची शाई ही जोडी का गाजली हे पाहायचं असेल तर १३२ व्या अंकाचं शेवटचं चित्र उघडा. सगळा चमू हरलाय, हेलफायर क्लबच्या हवेलीत कैद झालाय, आणि चमूतला पोलादी नख्यांचा वुल्व्हरिन मेला असं सगळ्यांनी धरलंय. तो खाली गटारात आहे. कमरेएवढं पाणी, पाण्यावर तुटलेल्या लाकडाचे तुकडे, चेहऱ्याचा अर्धा भाग काळा. वर बघतोय. बस. ऑस्टिनने पाण्यावरच्या लकेरी इतक्या बारीक निबने ओढल्यात की ओलावा जाणवतो. मी बी.एफ.ए.च्या पहिल्या वर्षी ते चित्र सतरा वेळा उतरवलं असेल. लकेरी जमल्या, ती नजर जमली नाही.

रंगांविषयी एक किस्सा. फीनिक्सचा पोशाख कॉक्रमला मुळात पांढरा हवा होता. पण त्या काळच्या पातळ, स्वस्त कागदावर पांढऱ्या भागातून मागच्या पानाची छपाई दिसली असती, म्हणून हिरवा झाला. आणि त्यामुळेच पुढे ती बिघडते तेव्हा हिरव्याचा लाल करता आला. वाचकाला पान उलटताक्षणी एका रंगाने कळतं की ही आता ती नाही. कागदाच्या गरिबीतून कथेला केवढं मोठं हत्यार मिळालं बघा.

एक विनंती. गुळगुळीत कागदावरची, नव्याने रंगवलेली आवृत्ती टाळा. मूळ रंग ठिपक्यांच्या छपाईचे आणि शोषून घेणाऱ्या कागदाचे होते. चकचकीत कागदावर तेच रंग डोळ्यांत टोचतात.

भाजीमंडई

डी'बारी लोकांना जगभरचे वाचक लाडाने 'अ‍ॅस्परॅगसवाले' म्हणतात, कारण त्यांचं डोकं त्या भाजीच्या कोंभासारखं दिसतं. आपल्याकडची शतावरी त्याच कुळातली. त्यांच्यातला एक जण १९६४ मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या चौथ्या अंकात पृथ्वीवर येऊन गेला होता. बिचारा परत गेला तो घराकडेच. मी मुलाला ही गोष्ट सांगितल्यापासून तो शतावरीचं सूप पीत नाही.

ठाण्याचे_वकील

शेवट पटतो का, या प्रश्नावर कायद्याच्या बाजूने बघितलं तर मामला फार गुंतागुंतीचा आहे.

भारतीय दंड संहितेचं कलम ८४, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२ : मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत हे कळण्यास जो असमर्थ आहे, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. पण मला त्याहून जवळचं वाटतं ते कलम ८५, आताचं २३. कुणी एखाद्याला त्याच्या नकळत किंवा इच्छेविरुद्ध नशा दिली आणि त्या अमलाखाली त्याची समज गेली, तर त्याला जबाबदार धरता येत नाही. विंगार्डने नेमकं हेच केलंय. बाटलीऐवजी स्वप्नं पाजली.

दुसरं, शी'आर दरबारात सुनावणी झालीच नाही. आरोप वाचला, शिक्षा सांगितली. प्रोफेसर झेवियरने त्यांच्या परंपरेतल्या द्वंद्वयुद्धाचा हक्क मागितला म्हणून एक रात्र तरी मिळाली. बचाव पक्षाला बाजू मांडू न देता दिलेला निकाल माझ्या दृष्टीने निकालच नाही. त्यामुळे मला शेवट पटत नाही. जीनला वकील हवा होता.

सातपुडा

वकीलसाहेब, तुमचा मुद्दा वाचायला छान आहे, पण पाच अब्ज लोकांचा वकील कोण? विंगार्डची नशा उतरल्यावर तिने तारा गिळला, हे विसरू नका. त्याचं मन तर तिने आधीच उद्ध्वस्त केलं होतं, अख्ख्या विश्वाचं दर्शन त्याच्या मेंदूत ओतून. ताऱ्यापाशी ती एकटी होती.

ठाण्याचे_वकील

सातपुडा, मान्य. तो धागा माझ्या युक्तिवादात कच्चा आहे. पण नशेने कुलूप तोडलं आणि आतून वाघ बाहेर आला, तर जबाबदारी कुलूप तोडणाऱ्याची की पिंजऱ्याची? मला अजून उत्तर सापडलेलं नाही, आणि या खंडाची ताकद तीच आहे असं मी समजतो.

बेएरियातला_बंड्या

हा शेवट कसा झाला ती कहाणी इथे अजून कुणी सांगितली नाही.

क्लेरमाँट आणि बर्न यांनी १३७ वा अंक वेगळ्याच शेवटाने पूर्ण केला होता. त्यात शी'आर जीनच्या मनावर शस्त्रक्रिया केल्यासारखं करून तिची शक्ती कायमची काढून टाकतात आणि ती साधी माणूस म्हणून जिवंत घरी येते. तेव्हाचा मुख्य संपादक जिम शूटर. त्याने पाहिलं की या बाईने अख्खं जग मारलंय आणि तिला एवढीच शिक्षा? त्याने ते मानलं नाही. मग घाईघाईत शेवटची पानं नव्याने लिहिली, नव्याने काढली, आणि जीन मेली. मूळ शेवट १९८४ मध्ये 'फीनिक्स : द अनटोल्ड स्टोरी' म्हणून वेगळा छापला, सोबत या सगळ्यांची त्यावरची चर्चाही.

मी दोन्ही वाचलेत, इथल्या सार्वजनिक वाचनालयातून मागवून. माझ्या मते शूटर बरोबर होता. आणि गंमत अशी की पाच अब्जांचा आकडा नसता, तर तो प्रश्नच आला नसता. ते दोन-तीन चौकटींचं दृश्य, हिरव्या लोकांनी आभाळाकडे बघणं, त्याने अख्ख्या मालिकेची दिशा बदलली.

निळीशाई

आता मला बोलावंच लागेल. बंड्या, 'शूटर बरोबर होता' हे तुम्ही किती सहज लिहिलंत! लेखक पुरुष, चित्रकार पुरुष, संपादक पुरुष. बाईच्या हाती विश्वातली सगळ्यात मोठी शक्ती येते. मग काय होतं? ती वेडी होते. मग तिला मारावं लागतं. त्याच खंडात वुल्व्हरिन हवेलीत पहारेकऱ्यांना कापत जातो आणि तो रातोरात सगळ्यांचा लाडका होतो.

मी हा खंड तीन वेळा वाचलाय, तिन्ही वेळा रडलेय आणि तिन्ही वेळा चिडलेय. रडणं चित्रांचं आणि संवादांचं श्रेय आहे. चीड मात्र खरी आहे. 'ती स्वतः निर्णय घेते' हे जुनीपाने म्हणतात, पण तिच्यापुढे पर्याय ठेवलेत कुणी? तिला मूळ शेवटातसुद्धा एकतर कापून छोटी करायची होती, नाहीतर मारायची. मोठी राहून जगायची मुभा कुठल्याच मसुद्यात नव्हती.

जुनीपाने

निळीशाई, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. मूळ शेवट आणि छापलेला शेवट दोन्ही एकाच भिंतीला टेकलेले आहेत, हे मी असं कधी पाहिलं नव्हतं.

तरी एका जागी मी तुमच्याशी भांडेन. चंद्रावर जायच्या आदल्या रात्री सगळे आपापल्या खोलीत जागे आहेत. कुणाला वाटतं आपण चुकीच्या बाजूने लढतोय, कुणाला वाटतं बाजू काहीही असो, ही आपली आहे. आणि सकाळी जीन बाहेर येते ती कुठल्या पोशाखात? फीनिक्सच्या नाही. तिचा शाळेतला जुना हिरवा फ्रॉक आणि पिवळा मुखवटा, 'मार्व्हल गर्ल' या आधीच्या नावाने लढायची तेव्हाचा. मला तिथे दिसतं की ही मुलगी आपण कोण म्हणून मरायचं हे निवडतेय. लेखक पुरुष होते, खरं. पण त्या पानावर ती त्यांच्या हातातून निसटलीय असं मला वाटतं.

कोल्हापूरकर_आबा

मला यावर आपल्या कालीची गोष्ट आठवते. रक्तबीजाला मारल्यावर तिचं तांडव थांबेना, तेव्हा शंकर स्वतः वाटेत आडवा झाला. तिचा पाय त्याच्या छातीवर पडला आणि ती भानावर आली. इथे स्कॉट आणि प्रोफेसर दोघेही तिला थांबवायलाच धावतात. आडवं कुणी होत नाही.

निळीशाई

आबा, _आडवं कुणी होत नाही_. याच्यापुढे मी अजून काय लिहू! आणि कालीला कुणी मारत नाही हेही बघा. तिची पूजा होते.

शाईचाडाग

आबा, एक जण जवळपास होतो. जीनच्या आईवडिलांच्या घराजवळच्या झटापटीत वुल्व्हरिन तिच्यावर झेप घेतो, तिच्यातली खरी जीन क्षणभर वर येते आणि मला मार म्हणते. तो हात उगारतो आणि थांबतो. चमूतला सगळ्यात कठोर माणूस, आणि त्याच्याच्याने होत नाही. घरातलं दृश्यही पुन्हा बघा. आई, वडील, बहीण समोर उभे आहेत, चेहऱ्यावर हसू आणायचा प्रयत्न करताहेत, आणि तिला त्यांच्या मनातली भीती ऐकू येतेय. मनं वाचता येणं हा शाप आहे हे त्या एका पानावर कळतं.

इंद्रजालप्रेमी

अवांतर : माझ्या पिढीला हे एक्स-मेन वगैरे उशिरा कळलं. आमचं सगळं इंद्रजाल कॉमिक्सवर झालं. १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं. मराठीतून वेताळ, मँड्रेक, नंतर बहादूर. वेताळाच्या कवटीच्या अंगठीचा ठसा आम्ही शाईने एकमेकांच्या गालावर उठवायचो आणि वर्गात मार खायचो. पण वेताळ मरायचा नाही. एक गेला की मुलगा तोच मुखवटा घालायचा, जंगलाला पत्ता लागायचा नाही. त्यामुळे पुतण्याने हा खंड दिला तेव्हा नायिका खरोखर मरते यावर माझा विश्वासच बसेना. मी पानं पुढे उलटून बघितली, कुठे परत येते का ते.

बेएरियातला_बंड्या

काका, पुढच्या पानांत नाही, पण सहा वर्षांनी आली! १९८६ मध्ये. जमैका बेच्या तळाशी एका कोशात खरी जीन झोपलेली सापडली आणि सांगितलं गेलं की तारा गिळणारी ती नव्हतीच, फीनिक्स शक्तीने तिचं रूप घेतलं होतं. मला हे कधीच रुचलं नाही. जिने चूक केली ती जीन नव्हती आणि जिने प्राण दिले तीही जीन नव्हती, मग आपण रडलो कुणासाठी? शिवाय तोवर स्कॉटचं लग्न होऊन त्याला तान्हं मूल होतं. जीन परत आली म्हणून तो बायको-पोराला सोडून निघाला. तिथपासून स्कॉट माझ्या मनातून उतरला तो उतरलाच.

बोरीबंदर

+१. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, १३८ ला थांबा. पुढचं वाचलंच पाहिजे असा कायदा नाही.

कोकणकडा

सिनेमांबद्दल कुणी बोललं नाही ते बरंच झालं, पण भाचीने सिनेमे पाहिलेत म्हणून लिहितो. २००६ चा 'द लास्ट स्टँड' आणि २०१९ चा 'डार्क फीनिक्स', दोन्हींच्या पटकथेत सायमन किनबर्ग. एकाच माणसाला एकाच गोष्टीवर दोनदा संधी मिळाली आणि दोन्ही वेळा ती दोन तासांत कोंबली गेली. खंडात विंगार्डचं विष दहा पानांवर एक थेंब असं उतरतं. जीन पायऱ्या उतरत असते, मध्येच एका चौकटीत तिच्या अंगावर जुन्या काळचा झगा येतो, पुढच्या चौकटीत पुन्हा नेहमीचे कपडे. वाचकालाही वाटतं आपलाच डोळा चुकला. हे महिन्यामहिन्याने वाढत जाणारं दुखणं सिनेमात बसत नाही.

मराठीच्या_बाई

मी शाळेत मराठी शिकवते. दोन गोष्टी.

पहिली शब्दाची. आपल्याकडे 'फिनिक्स पक्ष्याप्रमाणे राखेतून भरारी' हे निबंधात आणि निरोप समारंभात इतकं वापरून झालंय की त्यातली आग आपण विसरलो आहोत. माझी मुलं हा शब्द नापास होऊन पुन्हा पास होण्यासाठी वापरतात. या पुस्तकात पहिल्यांदा मला जाणवलं की भरारीच्या आधी जळणं असतं, आणि जवळ उभे असलेलेही त्यात जळतात.

दुसरी गोष्ट ताईंच्या भाचीची, आणि ही मी मनापासून सांगते आहे. गोष्टीचा शेवट असा आहे की एक तरुण मुलगी आपल्या माणसांच्या भल्यासाठी स्वतःचा जीव देते. 'मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल' ही भावना या वयातल्या मुलींना खरोखर शिवून जाते. वर्गात मी ती पाहिली आहे. पुस्तक देऊ नका असं मी म्हणणार नाही. एकटीला वाचायला देऊ नका, एवढंच. १३७ वा अंक ती वाचत असेल तेव्हा त्याच खोलीत बसा. वाचून झालं की काही शिकवू नका, विचारा. आणि लगेच १३८ वाचायला द्या, कारण त्यात मागे राहिलेल्यांचं काय होतं ते आहे. स्कॉट कबरीपाशी उभा राहून पहिल्या दिवसापासूनचं सगळं आठवतो. कुणाचंही बरं झालेलं नाही, हे तिथे स्वच्छ दिसतं.

जुनीपाने

बाई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मनापासून आभार. असंच करते.

एक व्यावहारिक अडचण. खंडाची बांधणी डिंकाची आहे आणि पस्तिसेक पानं, नेमका १३५ आणि १३६ चा भाग, सुटून हातात येतोय. काय करावं?

नगरचा_वाचक

सेलोटेप मुळीच लावू नका! दोन वर्षांत पिवळी पडते आणि शाई उचलते. पुठ्ठ्याला चिकटलेली जुनी डिंकाची पट्टी नखाने हळू खरवडा, पानं सारखी करून दोन फळ्यांच्या मध्ये आवळा, पाठीला पांढरा डिंक ब्रशने पातळ लावा, वर मलमलच्या कापडाची पट्टी, पुन्हा डिंक. रात्रभर वरवंट्याखाली ठेवा. सुई-दोऱ्याने शिवू नका, बर्नची दोन पानांवर पसरलेली चित्रं घडीत जातील. आमच्या गल्लीतल्या बाइंडरकाकांनी मला हे शिकवलं, अजून एकही पुस्तक सुटलेलं नाही.

सातपुडा

वरवंटा मिळत नसेल तर बोरीबंदर यांचे दोन ऑम्निबस ठेवा. वजन तेवढंच भरेल.

बोरीबंदर

मिळतील, पण आधी दोन्ही एकदम न्या. एकटा पहिला मी कुणालाही देत नाही.

जुनीपाने

मंडळी, आठ दिवसांनी लिहितेय. पुस्तक सुकलं, पाठ एकदम घट्ट झाली. नगरच्या_वाचकांचे हात जोडून आभार.

भाचीने शनिवार-रविवारी वाचलं. आधीचं काही सांगितलं नाही, कोकणकडा म्हणाले तसं थेट १२९ पासून. पहिल्या प्रकरणात किटी आली तेव्हा पालथी पडून वाचत होती ती उठून बसली. सोड्याच्या दुकानाचं पान मला दोनदा दाखवायला आली. विंगार्डचं तिला माझ्या आधी कळलं. म्हणाली, मावशी, हा माणूस तिला सारखं 'तू माझी आहेस' म्हणतोय, 'तू कशी आहेस' कधीच विचारत नाही.

१३५ वर ती थांबली. डी'बारी लोक आभाळाकडे बघताहेत ते पान. बराच वेळ पान उलटलंच नाही. मी स्वयंपाकघरातून उठून शेजारी जाऊन बसले. विचारलं, काय झालं? म्हणाली, यांची नावं कुठे दिली आहेत का पुढे? मी नाही म्हटलं. मग तिने वही घेतली आणि त्या चौकटीतल्या चेहऱ्यांना एकेक नाव दिलं. मराठी नावं. एकीला तिच्या आजीचं दिलं.

१३७ वाचताना बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी त्याच खोलीत होते, शेंगा सोलत. रडली. मी काही बोलले नाही. मग विचारलं, तुला काय वाटतं, तिने बरोबर केलं? म्हणाली, मला माहीत नाही, पण कुणीतरी तिचा हात धरून ठेवायला हवा होता, स्कॉट तर तिथेच होता. आबा, तुमचं वाक्य मी तिला सांगितलेलं नव्हतं.

१३८ एका बैठकीत संपवला. शेवटच्या पानावर किटी दारात येते, ते बघून विचारलं, हिला कुणी सांगितलंय का, या घरात काल काय झालं? मी म्हटलं, पुढच्या अंकात बघू. आता १३९ शोधतेय. बोरीबंदर, तुमचा दुसरा ऑम्निबस खरंच मिळेल का? येताना डबा भरून आणेन.

बोरीबंदर

उद्या संध्याकाळी दादरला या, कबुतरखान्यापाशी. वही पण आणा, मला ती नावं वाचायची आहेत.